पारोसे देव

भाटे संग्रहालयात उन्हाळी उमेदवार रुजू झाले की पहिल्याच दिवशी त्यांना तीन गोष्टी सांगितल्या जात. शाईचं पेन आत आणायचं नाही, लिहायचं ते शिसपेन्सिलीने. चहा अंगणात प्यायचा. आणि कोणत्याही वस्तूला पाणी लावायचं नाही. तिसरी गोष्ट संग्रहालय सांभाळणाऱ्या मंदाकिनीबाई दोनदा सांगत आणि वर म्हणत, "ज्यांना ऐकू आलं नाही त्यांच्यासाठी भिंतीवर लिहून ठेवलंय. वाचता येतं असं अर्जात तर सगळ्यांनीच लिहिलं होतं."

सरोजिनी पोकळेला ऐकू आलं होतं, वाचताही येत होतं. तिने भिंतीवरची पाटी पूर्ण वाचली, खाली सही कोणाची आहे तेही वाचलं. तरी जे व्हायचं ते झालंच.

शनिवार पेठेतल्या त्या दुमजली इमारतीत खाली जुन्या वस्तू आणि वर दुर्मिळ पोथ्या-पुस्तकं. दर उन्हाळ्यात कॉलेजातली चार मुलं दोन महिन्यांसाठी घेत आणि त्यांना मानधनही देत. शहाण्णव सालच्या चौघांत धायरीहून आलेली ही एकटीच. तिच्या वडिलांना, बजरंग पोकळ्यांना, जुनी भांडी पुसायचे कोणी पैसे देतं यावर आधी विश्वासच बसेना. मग बसल्यावर त्यांनी ही गोष्ट बसस्टॉपपासून पिठाच्या गिरणीपर्यंत सगळ्यांना सांगितली. घरात ठरलं होतं ते असं: बी.ए. झालं की स्थळं बघायची. सरोजिनीने मनात ठरवलं होतं ते वेगळं. तिला ग्रंथालयशास्त्राला जायचं होतं, आणि त्या प्रवेशाला मंदाकिनीबाईंच्या शिफारसपत्राचं वजन मोठं होतं. बाई पत्र सहसा देत नसत, म्हणूनच ते वजन. पत्र हातात पडलं असतं तर वडिलांना सांगायला तोंड होतं. नाहीतर जूनपासून पोहे करायचे आणि पदर सावरून पाहुण्यांसमोर बसायचं.

पहिला महिना तिने मान खाली घालून काम केलं. बाईंनी एकदा तिची कार्डं चाळली आणि "अक्षर वाचता येतं" असं म्हटलं. उल्का म्हणून पेठेतलीच एक मुलगी वरच्या मजल्यावर पोथ्यांच्या याद्या करायची. ती म्हणाली, "बाईंनी असं म्हणणं म्हणजे सत्कार समज. मला अजून 'बरं' सुद्धा म्हटलेलं नाही."

मेमध्ये बाईंनी सरोजिनीपुढे एक लाकडी ट्रे ठेवला. त्यात खंडोबाचे एकोणीस टाक होते. टाक म्हणजे देवघरात पूजेला ठेवतात तो देवाचा ठसा उठवलेला चांदीचा पत्रा, तळहातापेक्षा लहान. एकोणीसच्या एकोणीस टाकांवर घोड्यावर बसलेला खंडोबा आणि मागे म्हाळसा. आणि सगळ्यांवर वाळलेला, काळपट चिखल. प्रत्येकाला दोऱ्याने एक पिवळी पडलेली चिठ्ठी बांधलेली.

"एकसष्ट सालच्या पुरातले आहेत," बाई म्हणाल्या. "पाणी ओसरल्यावर लोकांनी गाळ उपसला, त्यात निघाले. ज्याला जो सापडला तो त्याने आणून आपल्या पायरीवर ठेवला. अप्पासाहेब भाट्यांनी प्रत्येकाची चिठ्ठी केली. कुठे सापडला, कोणत्या दिवशी, कोणी आणून दिला. घरचं कोणी न्यायला आलं नाही. पाण्यात गेलेला देव विसर्जन झाला, तो परत देव्हाऱ्यात घ्यायचा नाही, असं म्हणतात."

"धुतले नाहीत कधी?"

बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "देव बाजारात मिळतात, पोकळे. पस्तीस वर्षांपूर्वीचा चिखल मिळत नाही. आधी वजन करायचं, मग मापं, मग कोरड्या ब्रशने वरची धूळ. फोटो जूनमध्ये. वजनाच्या आधी कशालाही हात लावायचा नाही."

त्या संध्याकाळी भाकरी थापता थापता सरोजिनीने हे आजीला सांगितलं, आणि तिथेच घोळ झाला. आजीने, म्हणजे बायडाबाईंनी, आयुष्यभर देव्हाऱ्यातल्या देवांना रोज पाणी घातलं होतं. दिवाळीत आणि नवरात्रात चिंच लावून घासलं होतं. घरात कोणी अंघोळ न करता चुलीपाशी फिरकलं तरी त्या 'पारोसा' म्हणून हाकलायच्या.

"पस्तीस वरसं?" त्या म्हणाल्या. "पस्तीस वरसं द्येव पारोसं हायती?"

"ते देव्हाऱ्यातले नाहीत आजी. वस्तू हायती त्या. नंबर हायती."

"खंडोबा हाय का न्हाई त्यावर?"

"हाय."

"मग नंबर कशाचा? माणूस एक दिस पारोसा ऱ्हायला तर त्याच्या गळ्याखाली घास उतरत न्हाई. आन् तू रोज त्यांच्याम्होरं बसून डबा खातीस."

डबा आपण अंगणात खातो हे सरोजिनीने सांगितलं, पण त्याने काही भागलं नाही. आजी त्या रात्री नीट जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. शनिवारी सकाळी सरोजिनीच्या डब्याशेजारी चिंचेचा एक गोळा फडक्यात बांधून ठेवलेला होता.

सगळं आजीवर ढकलणं सोपं आहे, पण खरं सांगायचं तर सरोजिनीला स्वतःलाच ते बघवत नव्हतं. ट्रेसमोर बसलं की घोड्याच्या पायांत अडकलेला गाळ दिसायचा, म्हाळसेच्या चेहऱ्यावर तर नाक-डोळे काहीच उरलं नव्हतं. तिच्या बोटांना लहानपणापासून एकच गोष्ट ठाऊक होती. असा देव हातात आला की तो पाण्याखाली धरायचा.

रविवारी मंदाकिनीबाईंची सुट्टी. रविवार खंडोबाचा वार. दुपारी वीज गेलेली, पंखा बंद, रखवालदार फाटकापाशी पेंगत बसलेला. सरोजिनीने टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. चिठ्ठ्या भिजू नयेत म्हणून दोरे सोडवले आणि एक ते एकोणीस अशा ओळीने मांडल्या. मग एकेक टाक मागच्या मोरीवर न्यायचा, चिंच लावून हलक्या हाताने चोळायचा, धुवायचा, पुसायचा आणि आणून आपल्या चिठ्ठीसमोर ठेवायचा. काम तिने मन लावून केलं. खंडोबाचे डोळे दिसायला लागले. एका घोड्याच्या गळ्यात घुंगरमाळ निघाली, ती चिखलाखाली आहे हे कोणालाच माहीत नव्हतं. एकोणिसावा टाक पुसून ती आत आली तेव्हा तिला इतकं हलकं वाटत होतं की हातातला टाक तिने कपाळाला लावला.

आणि तेव्हाच वीज आली. पंख्याचं बटण सकाळपासून चालूच होतं, तोही पूर्ण वेगावर. चिठ्ठ्या उठल्या आणि खोलीभर झाल्या. वर्तमानपत्राचं एक टोक उचललं गेलं आणि पत्र्याचे हलके ते टाक घसरत एकमेकांवर जाऊन पडले. दोन तर टेबलाखाली गेले.

तिने पंखा बंद केला. खाली बसून चिठ्ठ्या गोळा केल्या, टाक गोळा केले. एकोणीस चिठ्ठ्या, एकोणीस टाक. कोणती कोणाची, ते मात्र आता कोणालाच सांगता आलं नसतं. वजनं केली नव्हती. मापं घेतली नव्हती. अप्पासाहेबांनी सगळ्यांवर एकच वर्णन लिहिलं होतं, 'घोड्यावरचा खंडोबा'. चिखल तेवढा वेगवेगळा होता आणि तो आता मोरीतून वाहून गेला होता.

उल्का वरून खाली आली तेव्हा ही जमिनीवर बसून रडत होती. उल्काने सगळं ऐकून घेतलं, दार लोटलं आणि शांतपणे म्हणाली, "बांधून टाक अंदाजाने. पस्तीस वर्षांत कोणी विचारलंय का? धुतलेलं दिसेल, त्याबद्दल बोलणी खा. बाकी कोणाला कळतंय?"

सरोजिनीने तसंच केलं.

सोमवारी मंदाकिनीबाईंनी ट्रे पाहिला, एक टाक उचलून उजेडात धरला. मग म्हणाल्या, "वा. लग्नाला निघालेत जणू." सरोजिनीने धुतल्याचं कबूल केलं. आजीचं नाव घेतलं नाही. बाई म्हणाल्या, "प्रमाणपत्रावर काय लिहू? देव उत्तम घासते?" त्यांचा आवाज चढला नव्हता. शेवटी त्यांनी विचारलं, "चिठ्ठ्या तरी ज्याच्या त्याला आहेत ना?"

"हो," सरोजिनी म्हणाली.

बाईंनी श्वास सोडला. "मग सगळंच गेलं नाही. चिखल गेला, जागा राहिली. बस, वजनं कर."

म्हणजे तिला काढलं नव्हतं. पत्राचंही अजून काही बिघडलं नव्हतं कदाचित. सरोजिनी वजनं करायला बसली आणि खोट्या नंबरासमोर खरी वजनं मांडू लागली. रोज संध्याकाळी आजी विचारायची, "झाली का अंघुळ?" आणि ही 'झाली' म्हणायची. आजी जेवायला लागली होती. सरोजिनीच्या मात्र घशाखाली घास उतरत नव्हता.

सत्तावीस मेला दुपारी एक बाई आल्या. पन्नाशी ओलांडलेल्या, फिकट निळं पातळ, हातात कापडी पिशवी. मंदाकिनीबाई स्वतः उठून दारापर्यंत गेल्या. हे सरोजिनीने इतक्या दिवसांत पहिल्यांदाच पाहिलं.

"या कुसुमताई सासवडकर," बाई म्हणाल्या. "यांना अकरा नंबर दाखव. कापडावर ठेवायचा, त्या हात लावत नाहीत. दरवर्षी येतात. तू खोलीतच बस, तो नियम आहे. पण तुझं काम करत बस."

अकरा नंबरची चिठ्ठी सरोजिनीला आता पाठ झाली होती. नदीकडे उतरणाऱ्या कुठल्याशा बोळातल्या सासवडकरांच्या पडलेल्या घराच्या जागेवर, देवघराच्या कोनाड्याखाली सापडलेला. तिने ट्रेमधून अकरा नंबर उचलला, म्हणजे ज्याला तिने अकराची चिठ्ठी बांधली होती तो, आणि पांढऱ्या कापडावर ठेवला. 

"अगंबाई," कुसुमताई म्हणाल्या, "अंघोळ घातलीत वाटतं. बरं केलंत. मी मंदाकिनीला इतकी वर्षं सांगतेय." त्यांनी पिशवीतून चष्मा काढला. "आज माझ्या लग्नाचा वाढदिवस. लग्नानंतर दीड महिन्यात पूर आला."

मग त्या खुर्ची पुढे ओढून बसल्या आणि टाकाशी बोलायला लागल्या. आवाज हळू होता, पण खोली लहान होती. सरोजिनीने तराजूत डोकं घातलं. आधी घरच्या गोष्टी झाल्या. धाकट्या दिरांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, नात आता पहिलीला जाणार. नंतर आवाज आणखी खाली गेला.

"सासूबाई, पाणी चढत होतं तेव्हा तुम्ही सांगितलं होतंत, देव घे म्हणून. मी शालू घेतला. नवा होता, मला सोडवेना. चौकात तुम्ही विचारलंत, देव घेतलेस ना, तर मी हो म्हटलं. भीती वाटली हो तुमची. मग उंचावर जाऊन तुम्ही बोचकं उघडलंत. तशाच देवांसाठी घराकडे मागे फिरलात, परत आला नाहीत. आणि मी सगळ्यांना सांगितलं की त्यांनी ऐकलंच नाही, स्वतःहून गेल्या. ह्यांनासुद्धा तेच सांगितलं, ते गेले तेव्हाही खरं सांगितलं नाही. तुम्हाला तेवढं दरवर्षी सांगते. मी हो म्हटलं होतं."

सरोजिनी उठली. आपण उठलो हे तिला उभी राहिल्यावर कळलं.

"काकू, तो तुमचा नाहीये," ती म्हणाली.

कुसुमताईंनी वर पाहिलं.

"म्हणजे असेलही. मला माहीत नाही. मी चिठ्ठ्या सोडल्या होत्या धुताना. त्या उडाल्या, सगळं मिसळलं. मी अंदाजाने बांधल्यात. या एकोणिसातला कोणताही तुमचा असेल."

बाहेर रस्त्यावर रिक्षाचा हॉर्न वाजला, थांबला. कुसुमताईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्यांनी ट्रेमधल्या टाकांवरून एकदा नजर फिरवली. सगळे स्वच्छ, सगळे सारखे, सगळे घोड्यावर.

"मला ओळखू येणार नाही," त्या म्हणाल्या. "दीड महिना त्या घरात होते, पण सासूबाईंनी देवांना हात लावू दिला नव्हता. वर्षभर बघ म्हणाल्या, मग शीक. मला फक्त ती चिठ्ठी ओळखू यायची." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "मंदाकिनीला माहीत आहे?"

"नाही. त्यांनी विचारलं होतं. मी हो म्हटलं."

"तू बोलली नसतीस तर मला कळलं नसतं."

"नसतं कळलं."

"मग का सांगितलंस?"

सरोजिनीने कापडावरच्या टाकाकडे बोट केलं. "तुम्ही त्याच्याशी बोलत होता," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

कुसुमताईंनी तिला जवळ घेतलं नाही, पाठीवर हातही ठेवला नाही. त्यांचा चेहरा कडक झाला होता आणि तो तसाच राहिला. "वर्षातून एकदा यायचं, एवढंच होतं माझं," त्या म्हणाल्या. "तेवढंही तू धुऊन टाकलंस. बोलाव तिला."

मंदाकिनीबाई आल्या. सरोजिनीने त्यांना उभ्यानेच सगळं सांगितलं. पंखा, चिठ्ठ्या, अंदाज, तो 'हो'. उल्काचं नाव घेतलं नाही. बाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. त्या रागावतील, काहीतरी तिरकस बोलतील असं सरोजिनीला वाटत होतं. तसं काही झालं असतं तर बरं झालं असतं. बाई नुसत्या थकल्यासारख्या खुर्चीवर बसल्या.

"एकतीस तारखेपर्यंतचं मानधन कार्यालयातून घे," त्या म्हणाल्या. "पत्र मी देऊ शकत नाही. समजतंय ना?"

"हो."

"जायच्या आधी या जुन्या चिठ्ठ्या सोडव आणि पाकिटात घाल. एकोणीस नव्या लिही. नंबर नाही घालायचा. 'एकसष्टचा पूर. सापडल्याची जागा निश्चित नाही.' एवढंच."

सरोजिनीने कोऱ्या चिठ्ठ्या कापल्या आणि लिहायला बसली. अक्षर वाचता येत होतं. 'जागा निश्चित नाही' हे एकोणीस वेळा लिहिताना तिला जूनमधले पाहुणे दिसत होते, आईने काढून ठेवलेल्या बशा दिसत होत्या. चिठ्ठ्या लिहून झाल्या, पण बांधायला घेतल्या तर दोरा भोकातून जाईना.  दोनदा गाठ सुटली.

"इकडे दे," कुसुमताई म्हणाल्या. त्या अजून गेल्या नव्हत्या.

मंदाकिनीबाईंनी मान वर केली. "बाहेरच्यांनी वस्तूंना हात लावायचा नाही, कुसुमताई." मग ट्रेकडे पाहून त्या म्हणाल्या, "पण नियमांचं काय चाललंय ते दिसतंच आहे."

कुसुमताईंनी पदर खोचला. पहिला टाक हातात घेतला, आणि घेतल्यावर नुसत्याच बसून राहिल्या. अंगठा खंडोबावरून फिरला, घोड्यावरून फिरला. मग त्यांनी चिठ्ठी बांधली. टाक कपाळाला लावला आणि ओठ हलले. सरोजिनी समोर दोरा कापून द्यायला बसली होती, म्हणून तिला तेवढं ऐकू आलं.

"मी हो म्हटलं होतं, सासूबाई. देव घेतले नव्हते."

टाक ट्रेमध्ये गेला. त्यांनी दुसरा उचलला, बांधला, कपाळाला लावला आणि त्यालाही तेच सांगितलं. मग तिसऱ्याला. कोणता आपला ते ठाऊक नव्हतं, त्यामुळे एकालाही वगळून चालणार नव्हतं. सहाव्या-सातव्यापर्यंत ते कुजबुजणं होतं. दहाव्याला त्या थांबल्या, पदर पुन्हा खोचला, पुढचा टाक घेतला. सरोजिनी दोरा कापून देत राहिली. खोलीच्या दुसऱ्या टोकाला मंदाकिनीबाई कागदांत डोकं घालून बसल्या होत्या. बाराव्याला त्यांची पेन्सिल थांबली.

एकोणिसाव्या टाकाला कुसुमताईंनी ते वाक्य साध्या, मोकळ्या आवाजात सांगितलं, कोणालाही ऐकू जाईल असं.